रेडिएटरची गळती थांबवणारी बाटली: चालली, पण...

रोज सकाळी गाडीखाली हिरवट ओल आणि टाकीतलं कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) बोटभर उतरलेलं. टॉर्च मारून पाहिलं तर रेडिएटरच्या जाळीत, खालच्या कोपऱ्यात, पांढरट-हिरवा डाग वाळून बसलेला. भोक टाचणीच्या टोकाएवढं असणार, म्हणून ही बाटली आणली.

रेडिएटरचं झाकण इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच उघडलं (गरम असताना उघडाल तर दाबाखालचं उकळतं पाणी थेट तोंडावर येतं). बाटली खूप हलवावी लागते, तळाशी चिखलासारखा गाळ बसलेला असतो. ओतली, गाडीतला हीटर पूर्ण चालू केला आणि इंजिन 15 मिनिटं चालू ठेवलं. पहिल्या दिवशी थेंब पडतच होते. पैसे पाण्यात गेले म्हणून चरफडलो. तिसऱ्या दिवशी जमीन कोरडी!

आता 3 महिने झाले, कूलंटची पातळी हललेली नाही. पण हीटरची हवा पूर्वीसारखी गरम येत नाही. तो गाळ त्याच्याही बारीक नळ्यांत अडकला असावा. रेडिएटरच्या प्लास्टिकच्या टाकीला तडा गेला असेल तर मात्र या बाटलीच्या नादी लागू नका. पाचपैकी तीन तारे, तेही वाटेत कुठे अडकलो नाही म्हणून.