रेकॉर्डरच्या गटासाठी ब्लूज: धानीवरून की बारा बारवरून?

पुण्यातल्या हौशी रेकॉर्डर-गटासाठी (रेकॉर्डर म्हणजे उभी धरून वाजवायची पाश्चात्य बासरी) ब्लूजच्या, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या संगीताच्या, अंगाची नवी रचना करायची तर दोन वाटा दिसतात. षड्ज धरून धानी रागात धून बांधायची, नाहीतर बारा बारचा (चार-चार मात्रांच्या बारा खंडांचा) सांगाडा घेऊन चार आवाजांत, म्हणजे सोप्रानो, आल्टो, टेनर आणि बास अशा उंच ते खर्ज रेकॉर्डरांसाठी, लिहायचं.

धानी इथे सोयीची. सा, कोमल ग, म, प, कोमल नी हे ब्लूजचेही सूर. त्यात तीव्र मध्यमाचा ओझरता स्पर्श द्यायचा. कोथरूडमधल्या अशा गटात पेटीवर शिकलेले कुणी ना कुणी असतातच, त्यांना सरगम लिहून दिली की पुरे. पण नुसत्या षड्जावर ते धानीच वाटत राहतं. ब्लूजची कळ येते ती खालच्या कॉर्डमधल्या (एकत्र वाजणाऱ्या सुरांमधल्या) शुद्ध गंधारावर वरचा कोमल गंधार घासला की.

बारा बारमध्ये हे घर्षण आयतं मिळतं: चार बार जी सेव्हन हा कॉर्ड, दोन सी सेव्हन, दोन परत जी, मग एकेक डी आणि सी, शेवटी दोन जी. मात्र सगळ्यांना स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरची पाश्चात्य स्वरलिपी) वाचता यायला हवं, आणि एक चुकला की चौघेही भरकटतात.

पट्टी पांढरी एक (सी) नको. तिथला कोमल गंधार, म्हणजे सोप्रानोचा खालचा ई फ्लॅट, जोडभोक अर्धं झाकून काढावा लागतो. हौशी हातांना तो छळतो. पांढरी पाच (जी) घ्या, आल्टो-बासलाही ती सोपी. अडतो तो डी सेव्हनमधला एफ शार्प: जर्मन फिंगरिंगच्या (बोटांची सोपी केलेली मांडणी असलेल्या) शाळकरी सोप्रानोवर तो धड लागत नाही. तो आल्टोला द्या, तिथे अंगठा उघडून दोन बोटांत निघतो.

जोर फुंकरीने दाखवू नका, सूर चढतो, जिभेने दाखवा. मींड मात्र सुरेख येते. सोप्रानोवर ए धरून डाव्या हाताचं मधलं बोट भोकावरून हळूच सरकवत बीकडे, म्हणजे शुद्ध गंधाराकडे, जा, वाटेत दोन्ही गंधारांमधला तो ब्लूजचा सूर सापडतो. स्विंगच्या डुलत्या लयीसाठी प्रत्येक मात्रेचे तीन भाग करून पहिला आणि तिसरा वाजवायला सांगा. दादऱ्याची सवय असलेल्यांना लगेच कळतं.

मी बारा बारच घेईन, वरची धून धानीतली ठेवून. गटात वाचणारे कमी असतील तर धानीच घ्या, पण बासला षड्ज आणि टेनरला शुद्ध गंधार धरून ठेवायला लावा.