वी विल रॉक यू : गोष्ट फाटकी, गाणी खणखणीत

क्वीन या ब्रिटिश रॉक बँडच्या गाण्यांवर बेन एल्टनने लिहिलेलं हे विनोदी रॉक नाटक १४ मे २००२ला लंडनच्या डोमिनियन थिएटरात आलं, तेव्हा समीक्षकांनी त्याची सालटी काढली. प्रेक्षकांनी ते ३१ मे २०१४पर्यंत चालवलं. साडेचार हजारांवर प्रयोग! मुलगा तिकडे शिकत होता तेव्हा मी ते डोमिनियनला पाहिलं होतं. २०२३च्या उन्हाळ्यात लंडन कोलिझियमला पुन्हा लागलं, आणि सून म्हणाली, "बाबा, चला." माझं आयुष्य संगीत नाटकांना तबल्याची साथ करण्यात गेलं, तेव्हा मी कानानेच पाहणार.

भविष्यातली पृथ्वी ग्लोबलसॉफ्ट नावाच्या कंपनीच्या ताब्यात आहे. वाद्यांवर बंदी. गॅलिलिओ नावाच्या पोराच्या डोक्यात जुन्या गाण्यांच्या ओळी आपोआप उमटतात, अर्थ मात्र त्याला कळत नाही. त्याला तिखट जिभेची स्कॅरामूश भेटते आणि दोघं दडवलेली गिटार शोधायला निघतात. झालं. आपल्याकडे प्रसंग रंगतो आणि त्यातून पद येतं. इथे पद आधीच ठरलेलं, प्रसंग बिचारा त्याच्यामागे धापा टाकत पळतो. खलनायिकेचं नाव किलर क्वीन, कारण तसं गाणं आहे!

विनोद मात्र मला आवडले. बंडखोर जुन्या गायकांची नावं लावून हिंडतात, पण कुठलं नाव बाईचं आणि कुठलं पुरुषाचं याचा त्यांना पत्ता नाही. त्यामुळे एक धिप्पाड गडी छाती काढून सांगतो, मी ब्रिटनी स्पीअर्स. या मंडळींचा अड्डा म्हणजे टॉटनहॅम कोर्ट रोड स्टेशनाचे अवशेष. डोमिनियन त्याच स्टेशनाच्या तोंडाशी, म्हणजे प्रेक्षक नुकतेच तिथून जिना चढून आलेले. कोलिझियम हे ऑपेराचं घर, तेवीसशेच्या वर खुर्च्या. तिथे ही शेजारपाजारची गंमत उरत नाही. डोमिनियनच्या दारावरचा क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी याचा भलामोठा पुतळाही नाही. तो आता ड्रमर रॉजर टेलरच्या बागेत आहे म्हणे.

कोलिझियमला बंडखोरांच्या म्होरक्याचं काम खुद्द एल्टनने केलं. आपली वाक्यं कुठे फेकायची हे त्याला ठाऊक आहे, जरा जास्तच ठाऊक आहे. ब्रेंडा एडवर्ड्सची किलर क्वीन मात्र अस्सल. तिचा आवाज वर गेला की कथानकाची आठवणही राहत नाही.

आणि बँड! सगळं प्रत्यक्ष वाजतं. शीर्षकगीताचा ठेका साधा आहे: दोनदा पाय, एकदा टाळी, चौथी मात्रा मोकळी. त्या मोकळ्या मात्रेवर एवढं मोठं थिएटर एकदम थांबतं. आमच्या नाटकांत प्रेक्षक बहुधा तिथेच टाळी मारून लय पळवतात. इथे एकानेही घाई केली नाही, हे मी मुद्दाम ऐकत होतो. गोष्टीतली गिटार म्हणजे क्वीनचा गिटारवादक ब्रायन मे याची. खऱ्या आयुष्यात त्याने ती वडिलांबरोबर घरीच बनवली, मान जुन्या शेकोटीच्या लाकडातून कोरून.

मी वाईचा. फ्रेडी, म्हणजे फारुख बुलसारा, आमच्या घाटावर पाचगणीला सेंट पीटर्समध्ये शिकला, शाळेतल्या द हेक्टिक्स बँडमध्ये पियानो वाजवायचा. नाटकात पाचगणीचा उल्लेख नाही. मध्यंतरात शेजारच्या गोऱ्या गृहस्थांना मी तो ऐकवला. त्यांनी आइस्क्रीम खाता खाता ऐकून घेतला.

कुठे दौऱ्यावर लागलं तर पहिल्या अंकात कंटाळलात तरी उठू नका, आणि नाटक संपलंसं वाटलं तरी चपला शोधू नका. डोमिनियनला शेवटी पडद्यावर अक्षरं आली होती: ते मोठं गाणं, 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी', हवंय का? लोक ओरडले. मग उत्तर उमटलं, बरं, घ्या. वन्स मोअर आपणही देतो, पण तो मागून घेण्याचा असा निर्लज्जपणा मी आमच्या कुठल्याच गवयात पाहिला नाही.