ईस्टरची रीथ कोणती करायची? आधी दार बघा

पहिल्या वर्षी व्हिडिओ कॉलवर आईला आमचं सजवलेलं दार दाखवलं, तर तिचा पहिला प्रश्न, "अगं, पुष्पचक्र का लावलंयस? कोण गेलं?" तिचं काही चुकलं नाही. पानाफुलांचं गोल कडं आपल्याला माहीत ते हुतात्मा स्मारकापाशी, नाहीतर अंत्यदर्शनाला. इथे जर्मनीत मात्र मार्च लागला की आमच्या गल्लीत दारोदारी ते दिसायला लागतं. जर्मन शब्द क्रान्झ. मी रीथच म्हणते, आई तेवढी दचकत नाही.

आम्ही एर्लांगनला राहतो. जवळच फ्रँकिश स्वित्झर्लंड नावाचा डोंगराळ भाग आहे. तिथल्या गावांत ईस्टरला विहिरी आणि कारंजी हिरव्या माळांनी, रंगवलेल्या अंड्यांनी मढवतात. पठार चुनखडीचं, पडलेलं पाणी मुरून जातं, म्हणून पाण्याचं अप्रूप. बीबरबाखची विहीर त्यातली सगळ्यात गाजलेली. ती बघून आलेलं माणूस घरी येऊन काहीतरी करायला घेतंच. मग मला फोन येतो, "कोणती रीथ करू?" मी उलट विचारते, "तुझं दार जिन्यात उघडतं की उघड्यावर?" निम्मा निकाल तिथेच लागतो.

दार उघड्यावर असेल, म्हणजे स्वतंत्र घर, समोर दोन पायऱ्या, वर छोटंसं छप्पर, तर बॉक्सवुडची हिरवी रीथ. जर्मनमध्ये बुक्सबाउम. बारीक, चकचकीत पानांचं हे कुंपणाचं झुडूप. इकडे पाम उगवत नाही, म्हणून पाम संडेला, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, बव्हेरियाच्या कॅथलिक गावांत याच्या आणि विलो नावाच्या झाडाच्या डहाळ्यांना आशीर्वाद देतात. आपल्या वसईत झावळ्यांच्या रविवारी जे काम माडाची पाती करतात, तेच.

पेंढ्याचं तयार कडं मिळतं, तीस सेंटिमीटरचं घ्या. त्यावर आधी हिरवी कागदी पट्टी गुंडाळा, नाहीतर फटींतून पिवळा पेंढा डोकावतो. बोटाएवढ्या डहाळ्या कापून तीन-चारची जुडी करायची, कड्यावर ठेवून तारेचे दोन वेढे घट्ट ओढायचे, पुढची जुडी आधीच्या देठांवर. गजरा गुंफणाऱ्या बाईला हे शिकवावं लागणार नाही. तार मध्ये तोडायची नाही, रिळावरूनच फिरवत न्यायची. शेवटची जुडी पहिलीच्या खाली सरकवताना अंगठा दुखतो, तो दुखतोच. नवख्या हाताला दोन-अडीच तास लागतात. डहाळ्यांचं बाजारातलं सामान मला दहा-बारा युरोंना पडतं.

गारव्यात आणि सावलीत ही दोन-तीन आठवडे हिरवी राहते. दक्षिणेकडे तोंड असलेल्या उन्हाच्या दारावर आठवड्यात पिवळी. आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही: बॉक्सवुडला मांजराच्या मुताचा वास येतो. बाहेर जाणवत नाही, बंद जिन्यात मात्र शेजारी मांजर शोधत फिरतात. शिवाय हे झुडूप आता पूर्वीसारखं फुकट मिळत नाही. पूर्व आशियातून आलेल्या एका पतंगाच्या अळ्यांनी जर्मनीतली कुंपणंच्या कुंपणं खाऊन टाकली आहेत. आमच्या समोरच्या आजींचं कुंपण एका उन्हाळ्यात नुसत्या काड्यांचं झालं. कुणी डहाळ्या दिल्या तर पानांत जाळी आणि हिरव्या अळ्या आहेत का, ते आधी बघून घ्या.

दार जिन्यात असेल, म्हणजे आपल्यासारख्या बहुतेक भाडेकरूंचं, तर माझं मत काड्यांच्या रीथला. जिन्यात हिटर असतो, तिथे हिरवं काहीही चार दिवसांत कुरकुरीत होतं. काड्या आधीच वाळक्या, त्यांचं काय वाळणार? शिवाय वारा नाही, म्हणजे खरी अंडी टांगता येतात.

काड्या बर्चच्या, विलोच्या किंवा द्राक्षवेलीच्या. नाशिककरांना एप्रिलच्या छाटणीनंतर बांधावर पडलेला काड्यांचा ढीग आठवेल. इथे वेलींची छाटणी थंडीत होते, त्यामुळे ईस्टरपर्यंत काड्या कडक झालेल्या असतात. रात्रभर बाथटबमध्ये बुडवून ठेवा, सकाळी वाकतात. पहिली लांब काडी गोल करून टोकं अडकवायची आणि बाकीच्या तिच्याभोवती पिळत जायच्या. सातव्या-आठव्या काडीनंतर कडं स्वतःला धरून ठेवतं, तारही लागत नाही. वेडंवाकडं झालं तर झालं, तेच छान दिसतं.

विलोच्या मखमली कळ्यांचा मोह सगळ्यांना होतो. पण रस्त्याकडेच्या झाडाला कात्री लावू नका. त्या कळ्या म्हणजे मधमाश्यांचं वसंतातलं पहिलं जेवण, आणि १ मार्च ते ३० सप्टेंबर इथे झाडं-कुंपणं तोडण्यावर कायद्याने बंधनं आहेत. आठवडी बाजारात लागवडीच्या विलोच्या जुड्या मिळतात. त्या पाण्यात ठेवायच्या नाहीत. पाणी मिळालं की कळ्या पिवळ्या होऊन परागकण सांडतात आणि फांदीला मुळं फुटतात. कोरड्या ठेवल्या तर कळ्या वर्षानुवर्षं तशाच राहतात.

आता अंडी. ईस्टर जवळ आला की दुकानातली पांढरी अंडी आधी संपतात, म्हणून ती आठवडाभर आधीच आणून ठेवा. दोन मुठी कांद्याची सालं अर्धा लिटर पाण्यात अर्धा तास उकळून, गाळून, पूर्ण गार करायची आणि चमचाभर व्हिनेगर घालायचं. अंड्यावर कोथिंबिरीचं एक पान चिकटवून वरून जुन्या नायलॉनच्या मोज्याचा तुकडा ताणून गाठ मारायची आणि रात्रभर फ्रिजमध्ये त्या पाण्यात ठेवायचं. सकाळी मोजा सोडला की विटकरी अंड्यावर पांढरं पान उमटलेलं असतं. हे सगळं कच्च्या अंड्यावर करायचं. अंडं आधी फुंकून रिकामं केलं तर ते पाण्यावर तरंगतं आणि एकाच बाजूला रंगतं. मी पहिल्या वर्षी सहाही अंडी अशीच अर्धी-अर्धी रंगवली.

रिकामं करताना दोन्ही टोकांना सुईने भोक, खालचं थोडं मोठं, आत टूथपिक घालून बलक फोडायचा आणि वरून फुंकायचं. कच्च्या अंड्याला तोंड लावायचं नसेल तर औषधाची सिरिंज घ्या, वरून हवा ढकलली की काम होतं. मग साबणाचं कोमट पाणी आत खळबळून उपडं वाळवायचं. निघालेल्या अंड्यांची त्या दिवशी भुर्जी. टांगायला काडेपेटीची अर्धी काडी, तिच्या मधोमध दोरा बांधलेला. काडी भोकातून उभी आत सरकवायची आणि दोरा ओढायचा. ती आत आडवी होते आणि अंडं लटकतं. ही युक्ती समोरच्या आजींची. काड्या आयत्या मिळाल्या तर खर्च सहा अंडी आणि दोऱ्याचा, वेळ मात्र दोन संध्याकाळी.

तिसरा पर्याय प्लास्टिकच्या अंड्यांचा: फोमचं कडं, पन्नासेक रंगीत अंडी, ग्लू गन. घरात लहान मुलं असतील तर हाच. तासाभरात होतो, फुटत नाही, पुढच्या वर्षी पुन्हा लागतो. मला तो वाढदिवसाच्या सजावटीसारखा दिसतो, पण माझ्या मुलीला विचाराल तर तोच सगळ्यात भारी. ग्लू गन जास्त तापली तर फोम वितळून खड्डे पडतात. आणि उघड्या दाराला हा नको. गरम गोंद थंडीत ठिसूळ होतो. एप्रिलच्या एका रात्री पारा शून्याखाली गेला आणि पहाटे मैत्रिणीच्या पायऱ्यांवर टक, टक, टक. उघड्यावर अंडी हवीच असतील तर बॉक्सवुडच्या रीथमध्ये चार लाकडी अंडी तारेने बांधा.

दाराला खिळा ठोकू नका, भाड्याच्या घरात तो डिपॉझिटमधून वसूल होतो. रुंद रिबिनीत रीथ अडकवून रिबीन दाराच्या वरून आत घ्यायची आणि आतल्या बाजूला टाचायची. धातूचे हुक मिळतात, पण दार घट्ट बसणारं असेल तर रबरी पट्टीला खाच पडते. जिन्यात काही लावण्याआधी घरमालकाला विचारून घ्या, काहींना पायपुसणंसुद्धा चालत नाही.

तारखेकडेही बघा, ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांत कधीही येतो. २०२७ मध्ये तो २८ मार्चला आहे. मार्चच्या थंडीत बॉक्सवुड आरामात टिकेल, दोन आठवडे आधी लावली तरी चालेल. २०२८ मध्ये १६ एप्रिलला. तेव्हा हिरवी रीथ एप्रिल लागायच्या आधी बांधू नका.

आमचं दार तिसऱ्या मजल्यावर, जिन्यात. बर्चचं कडं चार वर्षांपूर्वीचंच आहे, अंडी दरवर्षी दोन नवी. सण झाला की ती परत त्यांच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यात जातात, प्रत्येकाच्या बुडाला पेन्सिलीने साल लिहून. आतापर्यंत तीन फुटली, तिन्ही खोक्यातून काढताना.