प्लाझ्माच्या भरवशावर गरोदरपण आणि सिझर : सांगलीतला माझा अनुभव

मला आनुवंशिक अँजिओएडेमा आहे, म्हणजे अंगात कुठेही अचानक सूज येण्याचा आजार, वडिलांकडून आलेला. आत्याचे ओठ सुजायचे तेव्हा घरात ‘पित्त उठलंय’ म्हणून आमसुलाचं पाणी लावायचे. पण या सुजेला खाज नसते, गांधी उठत नाहीत. रक्तात सी-१ इनहिबिटर नावाचं प्रथिन कमी पडतं, सूज आणणारं ब्रॅडिकिनिन वाढतं आणि सूज येते. म्हणून अ‍ॅव्हिल, स्टेरॉइड अशी अ‍ॅलर्जीची औषधं लागू पडत नाहीत.

मूल हवं असं ठरल्यावर सूज टाळण्यासाठीची डॅनॅझॉलची गोळी बंद केली, कारण पोटात मुलगी असेल तर तिच्यावर परिणाम होऊ शकतो. गरोदरपणात पहिली पसंती सी-१ इनहिबिटरच्या इंजेक्शनला. ते आम्हाला इथे मिळालं नाही, म्हणून सगळी भिस्त गोठवलेल्या प्लाझ्मावर, म्हणजे दात्याच्या रक्तातल्या द्रव भागावर; त्यात हे सी-१ इनहिबिटर असतं.

सहाव्या महिन्यात रात्री पोट असं दुखलं की सासूबाईंना कळाच वाटल्या. सोनोग्राफीत गर्भाशय शांत, पोटात मात्र पाणी: आतड्याला सूज. मिरजेच्या रक्तपेढीतून पिशवी आली तेव्हा दगडासारखी घट्ट होती. ३७ अंशांच्या पाण्यात ती वितळायलाच अर्धा तास जातो, आणि तो अर्धा तास संपता संपत नाही. पहाटेपर्यंत दुखणं उतरलं. पण हीच सूज घशाला आली असती तर? प्लाझ्मा घरी ठेवता येत नाही, आणि क्वचित त्याने सूज वाढतेही. अचानक आलेल्या सुजेसाठी मी त्याला पूर्ण गुण देणार नाही.

ठरवून केलेल्या सिझरला मात्र तो उत्तम ठरला. बाळ पायाळू होतं. भूलतज्ज्ञ मॅडम आधीच म्हणाल्या, “घशात नळी घालायची वेळच येऊ द्यायची नाही, पाठीतूनच भूल देऊ.” तरी घशाचं सगळं सामान उशाशी मांडून ठेवलं होतं. ऑपरेशनच्या थोडं आधी दोन पिशव्या चढवल्या. दंडावर गांधी उठल्या. त्या प्लाझ्माच्या अ‍ॅलर्जीच्या, अ‍ॅव्हिलनं लगेच गेल्या! पुढे तीन दिवस टाके आणि खालच्या भागावर नर्स नजर ठेवून होत्या. सूज आली नाही.

आता अंगावर पाजतेय, म्हणून डॅनॅझॉल अजून बंदच. या दिवसांत पोटाची आणि चेहऱ्याची सूज जास्त वेळा येते, हे गरोदर बायकांनी आधीच धरून चालावं. पाळणा लांबवायला इस्ट्रोजेनच्या गोळ्या अजिबात नकोत. बाळाला हा आजार असण्याची शक्यता ५० टक्के, पण वर्षाच्या आतले रक्ताचे आकडे भरवशाचे नसतात, म्हणून तपासणी वाढदिवसानंतर करणार. तोवर बालरोगतज्ज्ञांच्या फाईलवर पहिल्याच पानावर आजाराचं नाव लाल शाईनं लिहून घेतलंय.