एम.ए.च्या प्रोजेक्टला फुकटचा एआय चॅटबॉट: साडेतीन स्टार

मी लातूरला एम.ए. भूगोल करते. प्रोजेक्टचा विषय 2016 ची पाणीटंचाई आणि त्यानंतर घराघरांत पाणी साठवायची बदललेली पद्धत. सरांनी एआय वापरायला मोकळीक दिली, पण अट घातली: काय विचारलं, काय मिळालं, त्यातलं काय ठेवलं, हे सगळं शेवटी परिशिष्टात लावायचं. ते परिशिष्ट समोर ठेवूनच हा रिव्ह्यू लिहितेय.

सगळ्यात जास्त उपयोग प्रश्नावलीला झाला. त्यानं क्रम लावला, दोनदा आलेले प्रश्न काढले. भाषा मात्र पक्की सरकारी. ‘आपल्या कुटुंबाचा दैनंदिन जलवापर किती लिटर होता?’ असं विचारलं असतं तर गल्लीतल्या मावशींनी दारच लावून घेतलं असतं. ‘तेव्हा दिवसाला किती घागरींत भागवायचात?’ हे माझं. लगेच हिशेब सुरू: पिण्याच्या इतक्या, भांड्याच्या इतक्या, धुण्याचं पाणी परत संडासला. एक्सेलची सूत्रंही तो बरी सांगतो.

माहितीसाठी मात्र त्याच्या नादी लागू नका. लातूरला पाणी देणारं मांजरा धरण आटलं आणि एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वे आली. पहिल्या खेपेला 10 वाघिणी, साधारण 5 लाख लिटर पाणी. इथं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. यानं गाडी पुण्याहून सोडली! चूक दाखवली की माफी, आणि तितक्याच ठामपणे दुसरं स्टेशन. संदर्भ मागितला तर लेखक, प्रकाशन, पान क्रमांकासकट पुस्तक दिलं. ग्रंथपालांनी खूप शोधलं, कुठंच सापडेना. शेवटी वर्तमानपत्रांच्या जुन्या फायली काढल्या.

मुलाखतींच्या वह्या चॅटबॉटमध्ये घातल्या नाहीत. कुणी टँकर कसा मिळवला, कुणाशी भांडण झालं, हे लोकांनी विश्वासानं सांगितलंय. परक्या कंपनीच्या सर्व्हरवर कशाला?

हॉस्टेलवर काहीजणी म्हणतात, साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला एआयचं लिखाण कळत नाही, मग सांगायचं कशाला? यूजीसीचे वाङ्मयचौर्याचे नियम 2018 चे, म्हणजे हे चॅटबॉट लोकांच्या हातात यायच्या आधीचे. पण व्हायव्हात सर एखाद्या वाक्यावर बोट ठेवून ‘हे कुठून आलं?’ विचारतात. तेव्हा परिशिष्टाचं पान उघडून दाखवता येतं.

पैसे भरायची गरज पडली नाही. फुकटची मर्यादा संपली की बराच वेळ ताटकळावं लागतं, म्हणून सबमिशनच्या आदल्या रात्रीवर काही ठेवू नका.