संक्रांतीची काळी खरेदी : साडी, झबलं, कुर्ता, सगळं एकाच दुकानातून

यंदा आमच्याकडे संक्रांतीला दोन कार्यक्रम होते. भावाचं लग्न मे मध्ये झालं त्यामुळे वहिनीची पहिली संक्रांत, आणि माझ्या लेकाचं बोरन्हाण. म्हणजे काळे कपडे अख्ख्या घराचे घ्यायचे होते. आई, वहिनी आणि मी डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पुण्यात लक्ष्मी रोडवरच्या एका जुन्या दुकानात गेलो. नाव लिहीत नाही कारण एक तक्रार पण आहे, आणि बाकी अनुभव मनापासून चांगला आहे.

साड्यांना पाचपैकी पाच. गादीवर बसून दाखवणारे काका खरंच जाणकार होते. आम्ही "काळी दाखवा" म्हटल्यावर त्यांनी वीसेक साड्या टाकल्या, आत ट्यूबलाइटखाली सगळ्या एकसारख्या काळ्या दिसत होत्या, मग तेच म्हणाले ताई, दारात उन्हात नेऊन बघा. नेल्या तर एक चक्क बॉटल ग्रीन, एक कॉफी, दोन नेव्ही ब्लूकडे झुकणाऱ्या! तुम्ही दुसरं काही नाही केलंत तरी चालेल पण एवढं नक्की करा, कारण हळदीकुंकू संध्याकाळी असलं तरी फोटो बऱ्याचदा दुपारी गच्चीवर काढले जातात.

वहिनीची साडी निवडताना आईने जे केलं ते मला फारच आवडलं. माझ्या पहिल्या संक्रांतीचे हलव्याचे दागिने तिने डब्यात नीट कोरडे ठेवले होते, त्यातला हार ती सोबत घेऊन आली आणि प्रत्येक साडीवर ठेवून बघितला. आधी वहिनीचं मन एका काळ्या सेमी पैठणीवर बसलं होतं, अंगभर सोनेरी बुट्टे, काठ पण रुंद, साडी म्हणून सुंदरच. पण त्यावर हार ठेवला की दिसेचना, जरीच्या चमकेत पांढरा हलवा हरवून जायचा. तोच हार साध्या, मॅट काळ्या चंद्रकळेवर ठेवला, लाल काठ, बारीक चंदेरी चांदण्यांचे बुट्टे, आणि हलव्याचा एकेक काटा उठून दिसला. ३,२०० ला घेतली. आजकाल सगळीकडे भरजरी काळं दिसतं, पण हलव्याचे दागिने घालायचे असतील तर साडी शांतच हवी असं माझं ठाम मत झालंय. संक्रांतीला खरा दागिना हलवाच, साडीने त्याला जागा द्यायची.

मी स्वतःला टोप पदराची इरकल घेतली, १,८५० ची, काळं अंग, लाल पदर आणि त्यावर पांढरं विणकाम. काकांनी पदर जिथे सुरू होतो तो जोड उलटा करून दाखवला, अंगाचे आणि पदराचे धागे एकमेकांत अडकवून विणलेले असतात, इतकी वर्षं इरकल नेसतेय पण हे कधी नीट बघितलंच नव्हतं. हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं, तोपर्यंत चार घरी जाणं होतंच, त्यामुळे अंगावर हलकी आणि वाण लुटताना पदर सारखा सावरावा न लागणारी साडी हवी होती, ती मिळाली.

नवऱ्याचा साधा काळा कॉटन कुर्ता ९०० ला, छान बसला.

आता तक्रार, लहान मुलांचा सेक्शन. रेडिमेड झबलं ७५० चं, वेलवेट, वर नेट आणि टिकल्या. दिसायला गोड म्हणून घेतलं, घरी आल्यावर ओला पांढरा रुमाल घासला तर रुमाल करडा झाला!! आणि आतून टिकल्यांचे धागे टोचत होते. बोरन्हाणाला बाळाच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे, हलवा, उसाचे करवे ओततो, सगळं चिकट होतं, बाळ घामेजतं, रडतं, अशा वेळी रंग जाणारा कपडा त्याच्या अंगाला लावायची माझी तयारी नव्हती. दुसऱ्या दिवशी परत करायला गेले तर पैसे परत नाहीत, फक्त क्रेडिट नोट, तीही तीन महिन्यांची. बिल करताना हे कोणीही सांगितलं नव्हतं. त्या नोटेत काळा खण घेतला, शेजारच्या टेलरकाकूंनी आतून जुन्या मलमलचं अस्तर लावून झबलं शिवलं, कुंची पण त्यातच झाली. खणाचा पन्हा लहान असतो पण वर्षाच्या बाळाला एक खण पुरतो. खण घेताना रुमालाची परीक्षा दुकानातच केली, ओला कोपरा घासून, काकांनी काही हरकत घेतली नाही. हलव्याचा मुकुट आणि बाजूबंद त्यावर इतके खुलले की सगळ्यांनी आधी खणाचीच चौकशी केली.

जायचं असेल तर डिसेंबरमध्येच जा, कारण ब्लाउज शिवणाऱ्या जानेवारी लागला की नवीन ऑर्डर घेत नाहीत. फॉल-पिको दुकानातच चार दिवसांत करून मिळतं. फक्त फॉल लावायच्या आधी त्याचा रंग उन्हात बघून घ्या, वहिनीच्या चंद्रकळेला त्यांनी आधी नेव्ही ब्लू लावून दिला होता. दाखवल्यावर एक शब्द न बोलता बदलून दिला, पैसे पण घेतले नाहीत.