मोटरहोमची गळकी एअर बॅग बदलताना: एअर लिफ्ट लोडलिफ्टर ५००० अल्टिमेट

फोर्ड ई-४५० चासीवर बांधलेलं मोटरहोम (आत राहायची सोय असलेली गाडी) उभ्या उभ्या मागून एका बाजूला कलायला लागलं, की संशय सरळ मागच्या पाट्यांना टेकू देणाऱ्या, हवा भरलेल्या रबरी एअर बॅगेवर जातो. संशय खरा निघाला तर बदलीसाठी एअर लिफ्ट कंपनीचा लोडलिफ्टर ५००० अल्टिमेट हाच संच घ्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. कारण एकच, पण वजनदार: बॅगेच्या पोटात बसवलेला रबरी बंपर. मात्र संच मागवण्याआधी हवा खरंच बॅगेतूनच जाते आहे का, हे बघून घ्या. बरेचदा ती दुसरीकडूनच जात असते.

आपल्याकडच्या व्होल्वो बसमध्ये गाडीचा सगळा भार हवेच्या बलूनवर असतो. हवा गेली की बस जागच्या जागी बसते. ई-४५०चं तसं नाही. भार पेलतात कमानपाटेच, आणि ही बॅग एक्सलवरचा पाटा आणि चासी यांच्यामध्ये बसून त्यांना टेकू देते. त्यामुळे बॅग फुटली तरी गाडी रस्त्यात अडकत नाही, आणि नेमकं त्यामुळेच लोक रिकाम्या बॅगेवर महिनोन्महिने गाडी हाकतात. साध्या, म्हणजे आत बंपर नसलेल्या बॅगेत निदान ५ पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) हवा असावीच लागते. ती नसली की प्रत्येक खड्ड्याला रबराची घडी वरच्या आणि खालच्या पत्र्यात चिमटते, आतले धागे तुटतात, आणि सुरुवातीला जी गळती केवळ व्हॉल्व्हच्या पिनची होती ती अख्खी बॅग घेऊन जाते.

गळती शोधताना गेजवर भिस्त ठेवू नका. बॅगेत आणि नळीत मिळून हवा मुळात थोडी असते. गेज लावताना आणि काढताना जी फुस्स होते, तेवढ्यानेही तीन-चार पीएसआय उतरतात. रोज सकाळी दाब मोजणाऱ्याला बॅग रोज गळतेय असंच वाटणार. त्यापेक्षा ३० पीएसआय हवा भरा, एक भाग भांडी घासायचं द्रव साबण आणि चार भाग पाणी एकत्र करा आणि फवारा. क्रम महत्त्वाचा आहे: आधी हवा भरायचा व्हॉल्व्ह, मग त्याच्या मागचा नळीचा जोड, मधे टी (तीन तोंडांचा जोड) असेल तर ती, मग बॅगेच्या डोक्यावरचा एल्बो (काटकोनी जोड), आणि सगळ्यात शेवटी बॅगेच्या घड्या व कडा. पिन गळत असेल तर दोनेक डॉलरमध्ये काम भागतं. नळीच्या जोडाशी बुडबुडे दिसले तर टोक पुन्हा सरळ कापून बसवलं की पुरतं. पण बुडबुडे रबर आणि धातूच्या कड्याच्या सांध्यातून येत असतील, किंवा घडीत भेगा पडून आतले धागे दिसत असतील, तर बॅग संपली. तिला ठिगळ लावायच्या फंदात पडू नका. १०० पीएसआयपर्यंत दाब सोसणाऱ्या रबरावर ठिगळ टिकत नाही.

एअर लिफ्ट ही मिशिगनमधल्या लॅन्सिंगची कंपनी, १९४९पासून याच धंद्यात आहे. लोडलिफ्टर ५००० मालिकेतली जोडी ५००० पौंडांपर्यंतचा भार सावरते आणि ५ ते १०० पीएसआयवर चालते. पार्ट नंबर ५७ने सुरू होत असेल तर साधा संच, ८८ने सुरू होत असेल तर अल्टिमेट, आणि ८९ने सुरू होत असेल तर अल्टिमेट प्लस. कॅटलॉगमध्ये बघताना एकाच नावाच्या व्हॅनची आणि मोटरहोमसाठी दिलेल्या चासीची ब्रॅकेटं वेगळी असू शकतात, त्यामुळे मॉडेलचं वर्ष आणि चासीचा प्रकार दोन्ही जुळवूनच मागवा.

अल्टिमेटमधला बंपर हवा गेल्यावर पत्र्यांना एकमेकांवर आपटू देत नाही, त्यामुळे रबर चिमटत नाही. बॅग शून्य दाबावर गेली तरी गाडी सुरक्षित चालवता येते, असं कंपनी सांगते. मोटरहोमला याचा फायदा पिकअपपेक्षा कितीतरी जास्त. ही गाडी हिवाळाभर उभी असते, थंडीने दाब आणखी उतरतो, आणि वसंतात पहिल्या सहलीला निघताना मागच्या चाकांपाशी वाकून दाब कोणी बघत नाही. तरीही ५ पीएसआय ठेवाच. घड्या आकारात राहतात.

आता बसवण्याकडे. मागचे दोन्ही आतले टायर आणि चासी यांच्यामध्ये हात जेमतेम जातो. चाकं काढल्याशिवायही काम होतं, पण काढली तर वेळ वाचतो. गाडी सपाट जागेवर लावा, पुढच्या चाकांना उटी लावा, चासी उचलून तिच्याखाली भक्कम स्टँड द्या आणि एक्सलखाली वेगळा जॅक ठेवा. हा दुसरा जॅक खालीवर करूनच बॅगेची जागा उघडता-मिटता येते. शॉकअप सोडलेला असताना एक्सल मोकळा लोंबू देऊ नका. एरवी एक्सलला अडवून धरतो तो शॉकअप. तो नसला तर जुनी असो की नवी, बॅगच ताणली जाते आणि कड्यातून निसटते.

व्हॉल्व्हची पिन काढून सगळी हवा सोडा, मगच नळीला हात लावा. जोडाची कॉलर आत दाबून धरली की नळी सहज निघते. दाब असताना ओढली तर जोडाचे दात नळीला ओरखडे पाडतात आणि ते टोक पुढे गळतंच. एक बॅग गेली असली तरी दोन्ही बदला: दोघींचं वय एकच, सोसलेला भारही एकच.

नव्या बॅगेवर वर-खाली येणाऱ्या गोल पत्र्यांची दिशा ही या कामातली सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट. पत्र्याची गोलाई दिलेली कड बॅगेच्या बाजूला यायला हवी, म्हणजे बॅग त्या वाटीत बसते. उलटा बसला तर धारदार कड प्रत्येक हेलकाव्याला रबर कापते आणि ही बॅग वर्षभरात जाते, मग दोष मालाला दिला जातो. एल्बो हाताने घट्ट होईपर्यंत फिरवा आणि त्यानंतर पान्याने दीड फेरा. त्याच्या आट्यांवर सीलंट आधीच लावलेलं असतं, वरून टेफ्लॉन टेप नको. बॅगेचे ३/८ इंची बोल्ट २० फूट-पौंडांच्या वर आवळू नका. इथे जोर दाखवला तर आटे उपटून येतात आणि नवी बॅग भंगारात जाते.

नळी धारदार ब्लेडने काटकोनात कापा. कात्री किंवा पक्कड टोक चपटं करते आणि आतली ओ-रिंग (हवा अडवणारं रबरी कडं) धरत नाही. नळी जोडात साधारण १४ मिलिमीटर आत जायला हवी. तेवढ्या अंतरावर आधीच खूण करून ठेवली तर अंदाज करावा लागत नाही. जोडाला लागून लगेच वळण देऊ नका. उजवीकडे सायलेन्सरचा पाइप जवळून जातो. संचातली उष्णतारोधक पट्टी तिथे न चुकता लावा. रबर चकचकीत आणि कडक झालेलं दिसलं तर उष्णतेनेच गेलं म्हणून समजा.

सगळं जोडलं की ७० ते ९० पीएसआय भरून बॅगेभोवती निदान अर्धा इंच मोकळी जागा सगळीकडून आहे का पाहा: ब्रेकची नळी, वायरी, पाट्याचा यू-बोल्ट. बॅग केळ्यासारखी वाकलेली दिसली तर खालचं ब्रॅकेट सैल करून सरकवा. मग दाब ३० वर आणा, पुन्हा साबणपाणी फवारा आणि चोवीस तासांनी बघा. पहिल्यांदा दोन ते चार पीएसआय उतरणं चालतं. पाचाच्या वर गेलं तर कुठला तरी जोड बोलतो आहे. ५०० मैलांनंतर सगळे नट पुन्हा तपासा.

दोन्ही बॅगांना वेगवेगळे व्हॉल्व्ह द्या. टी लावून दोन्ही जोडल्या तर वळणावर भार आलेल्या बाजूची हवा दुसरीकडे पळते आणि गाडी जास्तच झुकते. शिवाय मोटरहोमचा भार सहसा सारखा नसतो: ४० गॅलन पाण्याची टाकी भरली की तिच्या बाजूला ३३० पौंडांच्या वर वजन पडतं, जनरेटर आणि फ्रिज वेगळेच. प्रवासाचं सामान भरून दोन्हीकडची उंची मोजा, कललेल्या बाजूला पाच-पाच पीएसआय वाढवत जा. मागची चाकं उड्या मारायला लागली तर हवा जास्त झाली.

या संचाने गाडीची वजनाची मर्यादा वाढत नाही. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेला आकडा, नव्या ई-४५०वर एकूण १४,५०० पौंड, तोच अखेरचा. ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केल या वजनकाट्यावर मागच्या एक्सलचं वजन वेगळं मिळतं. बॅग बदलण्याआधी ते करून घ्या. पाटेच थकले असतील किंवा शॉकअप तेल सोडत असतील, तर नवी बॅग तो दोष झाकते, घालवत नाही.

उणिवा आहेतच. अल्टिमेटसोबत येणारी प्लास्टिकची नळी दगडगोट्यांच्या रस्त्याला नाजूक वाटते. प्लसमध्ये स्टीलच्या जाळीची नळी मिळते. कच्च्या रस्त्यांवर जाणाऱ्यांनी ते जास्तीचे पैसे द्यावेत, महामार्गावरच राहणाऱ्यांना गरज नाही. किंमत पाचशे डॉलरच्या आसपास, विक्रेत्यानुसार कमीजास्त. ब्रॅकेटं शाबूत असतील आणि संच याच कंपनीचा असेल तर सुटी बॅग घेऊन बराच खर्च वाचतो. आधीचा संच दुसऱ्या कंपनीचा असेल तर ब्रॅकेटांची भोकं जुळतील असं धरून चालू नका, पूर्ण संचच घ्या. आजीवन वॉरंटी पहिल्या खरेदीदारालाच मिळते, म्हणून बिल गाडीच्या कागदांसोबत जपून ठेवा. जुनं मोटरहोम विकत घेताना आधीच्या मालकाची वॉरंटी आपल्याला लागू पडेल असं गृहीत धरू नका.